दहा गुणांचं लोणार

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास माझा आणि विषय 'मालूमाते आम्मा', म्हणजे सामान्य ज्ञान. हा तास कुणालाच नको होता. मी उर्दू शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. ज्याला दोन भाषा येतात तो दोन पेपर वाचत असणार, असा हेडमास्तरांचा हिशोब.

हिशोब चुकीचा नव्हता. आमच्या घरात हे अब्बांपासून चालत आलेलं. चहाच्या टपरीवर 'देशोन्नती' आणि घरी मुंबईहून एक दिवस उशिरा येणारा उर्दू पेपर, असं त्यांचं रोजचं वाचन. रात्री दस्तरखानावर आम्हा भावंडांना प्रश्न पडायचे. सर्वांत मोठा ग्रह कोणता? जिजाऊंचा जन्म कुठे झाला? मुकेश आणि रफी यांत आधी कोण गेलं? चुकलं तर शिक्षा नसे. फक्त पातेल्यातली शेवटची बोटी बरोबर उत्तर देणाऱ्याच्या ताटात जायची. थोरल्या भावाने बऱ्याच बोट्या खाल्ल्या. मी मास्तर झालो.

वर्गातही मी तेच करतो, बोटीऐवजी पेपरमिंट. गावापासून सुरुवात करतो. खामगावला चांदीचं गाव म्हणतात, हे सगळ्या पोरांना ठाऊक असतं. पण जलंबहून खामगावपर्यंतचा तो जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा कशासाठी टाकला, हे विचारलं की वर्ग गप्प. मग मी सांगतो. कापसासाठी. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बसायला आल्या, आणि इंग्रजांचं वऱ्हाडच्या काळ्या मातीवरचं प्रेम एकदम वाढलं. 1870 मध्ये हा फाटा सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला होता. तुमचे दादा-नाना ज्या जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करत होते, तिचा धागा लिंकनच्या लढाईपर्यंत जातो, असं मी सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, लिंकन खामगाव आया था क्या?" पेपरमिंट त्यालाच दिलं.

मला सांगायचं आहे ते मात्र वेगळंच, आणि ते सांगायला मला सहा-सात वर्षं लागली.

जानेवारी 2019. तालुक्यातल्या शाळांची प्रश्नमंजूषा स्पर्धा होती. हॉल कुणाचा, आयोजक कोण, हे लिहीत नाही, त्याची गरजही नाही. आमच्या शाळेचा तीन जणांचा संघ होता आणि त्यात आठवीतली एक मुलगी होती. वडील मालवाहू टेम्पो चालवायचे, आजोळ मेहकरचं. शनिवारच्या तासाला तिचा हात खाली नसायचाच. उत्तर येत नसलं तरी वर, अंदाज सांगायला.

स्पर्धेत उर्दू शाळा आमची एकटी. नियमांत भाषेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मराठी येत नाही असं आमच्या मुलांचं नाही. बाजारात, एसटीत, दवाखान्यात ती मराठीच बोलतात, तीही अस्सल वऱ्हाडी. पण भूगोल-विज्ञान शिकतात उर्दूतून. पहिल्या चार फेऱ्या बऱ्या गेल्या. शेवटच्या फेरीत दहा गुणांचा प्रश्न आमच्या संघाकडे आला: लोणार सरोवर कशामुळे तयार झालं?

मी मनात म्हटलं, झालं, आपण जिंकलो. कारण ही मुलगी लोणार दोनदा पाहून आलेली होती. मेहकरहून लोणार ते केवढंसं! मामाच्या मोटारसायकलवर बसून ती काठापर्यंत उतरली होती, पाणी चाखून "खारा है, और साबन जैसा लगता" असं वर्गात सांगितलं होतं.

ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शहाबे साकिब गिरने से."

परीक्षक वयस्कर, भले गृहस्थ. त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हटलं बेटा? मराठीत सांग."

ती थांबली. शहाबे साकिब हा शब्द तिला भूगोलाच्या पुस्तकातून आलेला, आणि त्याआधी मदरशात कुरआनातून. सूरह साफ्फातमध्ये तो येतो. म्हणजे हा शब्द तिच्या जिभेवर आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. त्याला मराठीत काय म्हणतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याने सांगायला पाहिजे होतं तो प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग परीक्षकांकडे वळून म्हणाली, "आसमान का पत्थर, सर. वरून दगड पडला."

"हो, पण नेमका शब्द?"

घंटी वाजली. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. तिथल्या मुलाने सांगितलं, "उल्कापात." टाळ्या. आम्ही पाच गुणांनी हरलो. पहिला येणारा संघ बुलढाण्याला जिल्ह्याच्या फेरीसाठी जाणार होता. आम्ही चहा-बिस्किटं खाऊन घरी आलो.

उठून एक वाक्य बोलायचं होतं, 'सर, शहाबे साकिब म्हणजेच उल्का, तिचं उत्तर बरोबर आहे.' मराठीत याला हरकत घेणं म्हणतात. हरकत हा शब्द अरबी, आणि उर्दूत त्याचा अर्थ हालचाल. मी हरकत घेतली नाही आणि हललोही नाही.

का नाही उठलो? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की स्पर्धेच्या मध्ये बोलणं शिस्तीला धरून नसतं. खरं कारण वेगळं आहे. हॉलमध्ये माझ्याबरोबर बीएड केलेले तिघे-चौघे होते. त्यांच्यापुढे 'ह्यांचं इथेही उर्दू' असं कुणी म्हणेल, याची मला भीती वाटली. कुणी म्हटलं नव्हतं. कदाचित म्हटलंही नसतं. ते परीक्षक ज्या मायेने विचारत होते, त्यावरून मला आता वाटतं की त्यांनी माझं ऐकलं असतं आणि दहाचे दहा दिले असते. न बोललेल्या माणसाला मी घाबरलो.

परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मेरेकू मालूम था सर. लफ्ज नई मालूम था." स्पर्धा संपल्यावर त्या दुसऱ्या शाळेच्या मुलाने तिला विचारलं होतं म्हणे, "तू पाह्यलं काय लोणार?" ती म्हणाली होती, "हौ, दोन डाव." तो म्हणाला, "मी नाही पाह्यलं."

त्यानंतरच्या शनिवारी तिचा हात वर आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

मी घरी येऊन मराठी विश्वकोश काढला आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. आकाशातून येताना जळते ती उल्का, आणि जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर आदळतो तो अशनी. लोणारला खड्डा पाडला तो अशनीने. म्हणजे नेमक्या शब्दाचाच आग्रह धरायचा, तर परीक्षकांच्या हातातल्या कागदावरचं उत्तरही सैलच होतं. वयाचंही तसंच. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत लोणारचं वय बावन्न हजार वर्षं छापलेलं असतं, नंतरच्या तपासणीत ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. हे विवर ज्वालामुखीचं तोंड आहे असंही पुष्कळ काळ मानलं जात होतं. 1970 च्या दशकात तिथे खोल भोकं पाडून खडक तपासले, त्यात प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच सापडली आणि तो वाद मिटला. लोणारकरांना विचाराल तर ते लवणासुर आणि विष्णूची गोष्ट सांगतील आणि दैत्यसूदनाचं देऊळ दाखवतील. आणि अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल तिथे मिळतो, असं तो फारसीत लिहून गेला. साबण! माझ्या विद्यार्थिनीने जीभ लावून तेच सांगितलं होतं.

हे सगळं त्या पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीच्या एका खड्ड्याबद्दल. प्रश्नपत्रिकेत त्याच्यापुढे एका शब्दाची जागा होती.

त्या आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली आणि मधोमध रेघ मारली. उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी. काम वाटतं तेवढं अवघड नाही, आणि जे शिक्षक हे वाचत असतील त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. बालभारती एकच पुस्तक अनेक भाषांत काढते. भूगोलाचं उर्दू पुस्तक आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवा. चित्र तेच, नकाशा तोच, तक्ता तोच. बोट ठेवून एकेक शब्द उचलत जायचं. ज्वालामुखी, आतिश फिशां. भूकंप, जलजला. विषुववृत्त, खत्ते इस्तिवा. ग्रह, सय्यारा. त्रिकोण, मुसल्लस. गणिताचा लसावि उर्दूत 'जू अजआफे अकल' आहे, तो पोरांना दोन्ही भाषांत सारखाच छळतो.

वही भरताना मजा यायला लागली. बेटाला उर्दूत जजीरा. वर्गात लिहिलं आणि एक मुलगा ओरडला, "सर, जंजिरा!" बरोबर. मुरुडचा जंजिरा म्हणजे बेटच, सिद्दींचं. खरीप आणि रब्बी हे शब्द इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आमच्या मुलांना हे दोन शब्द मराठी वाटत होते आणि माझ्या मराठी शाळेतल्या मित्राला संस्कृत. काही शब्द मात्र वाटेत बदलून गेलेले. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करतात, उर्दूत शिकस्त म्हणजे हार. माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश छापला, तो हाताशी असला की अशा शब्दांचा माग काढता येतो. उर्दू म्हणजे फक्त आमची असं बाहेरच्या काहींना वाटतं आणि मराठी म्हणजे फक्त त्यांची असं आमच्यातल्या काहींना. वही दोघांनाही दाखवावी, असं तेव्हा वाटायचं.

यात माझा शोध काही नाही. अमीन सयानींना सगळे ओळखतात, त्यांच्या आईला फार कमी. कुलसुम सयानींनी 1940 पासून 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवलं, नव्याने वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. भाषा सोपी हिंदुस्तानी आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. रेडिओवरच्या त्या आवाजाची तालीम घरातल्या या तीन लिप्यांच्या कारखान्यात झाली. आणि तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' करणारे केतकर शाळा शिकले ते आमच्या अमरावतीला. हे वर्गात सांगितलं की पोरांना अमरावती अचानक जवळची वाटते.

मग आला सप्टेंबर. 'कौन बनेगा करोडपती'त अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे बसल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला दीड हजारावर साडेचारशे पोरांचं जेवण करणाऱ्या. सगळं वऱ्हाड टीव्हीपुढे. आमच्या घरीही शेजारच्या दोन घरांची माणसं येऊन बसलेली. एक कोटीचा प्रश्न पडद्यावर आला: 1857 च्या बंडावर स्वतःच्या अनुभवातून 'दास्ताने गदर' लिहिणारा, बहादूरशहा जफरच्या दरबारातला शायर कोण? पर्याय वाचायच्या आधीच माझ्या तोंडून "गालिब" निघून गेलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की ते लिहिण्यासारखं नाही. उत्तर होतं जहीर देहलवी. बबिताताईंनी ते दिलं आणि एक कोटी जिंकले.

दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या खिचडीवाल्या खाला माझी वाटच पाहत होत्या. "सर, वो सवाल तो तुम्हारा उर्दू का था ना? तुमकू आया?" मी म्हटलं, नाही. त्या हसल्या, आणि मोठ्या पळीने डाळ ढवळायला लागल्या. दिवसभर त्यांचा रुबाब काही वेगळाच होता.

शनिवारी मी तोच प्रश्न वर्गात घेतला. पर्याय माझे: मीर, जौक, गालिब, जहीर देहलवी. म्हटलं, पाठ नसेल तरी चालेल, पण काढून दाखवा. फळ्यावर फक्त सालं लिहिली. मीर वारले 1810 ला. जौक वारले 1854 ला. गालिब बंडाच्या वेळी दिल्लीतच होते, पण त्यांनी त्या दिवसांवर लिहिलं ते 'दस्तंबू', तेही फारसीत. वर्ग कुजबुजत होता. आणि खिडकीकडच्या रांगेतून, आठ महिन्यांनी, तो हात वर आला.

"जौक तो गदर के तीन साल पहले गुजर गए सर. किताब कैसे लिखते? मीर तो उनसे भी पहले." थांबली, मग म्हणाली, "गालिब की किताब का नाम तुमने खुद बता दिया. अब बचा कौन?"

जहीर देहलवी जौकचेच शागीर्द होते, पुढे हैदराबादेत वारले, एवढं मी जोडलं. पेपरमिंटचा पुडा तिच्याकडे सरकवला. ती आता नववीत होती, पेपरमिंटचं वय गेलेलं. तरी तिने घेतलं आणि मैत्रिणीला दिलं. तास सुटल्यावर टेबलापाशी आली. "सर, उन बाई ने हमारी जबान का जवाब दिया तो करोड मिले. मैंने दिया तो..." वाक्य पुरं केलं नाही. मी तेव्हा तिला सांगितलं की त्या दिवशी मी उठायला हवं होतं. मास्तरने विद्यार्थिनीपुढे असं बोलणं आमच्याकडे नवीनच. ती गोंधळली, "नई सर, तुम क्या करते," म्हणाली आणि वही मागितली. दोन रकान्यांची. ती वही मला दीड महिन्याने परत मिळाली, तेव्हा डावीकडच्या रकान्यात माझ्या तीन चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या होत्या.

जून 2020 मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत तिच्या वडिलांच्या मोबाईलवरून मेसेज आला. नागरीत लिहिलेला: 'सर, लोणारचं पाणी गुलाबी झालं.' फोटो होता. मग दोन-तीन आठवडे आमचा तास त्या मोबाईलवरच चालला. पाणी आटलं, खारेपणा वाढला, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. त्या सूक्ष्मजीवांना उर्दूत काय म्हणायचं, हे मला सापडलं नाही. हॅलोआर्किया तसंच उजवीकडे लिहिलं आणि डावीकडेही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं. ती आता बीएस्सीला आहे.

यंदाच्या जानेवारीत तालुक्याच्या एका स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बोलावलं. मी एकच अट घातली, उत्तर कोणत्याही भाषेत चालेल असं नियमांत लिहा. त्यांनी लगेच लिहिलं. इतकं सोपं होतं ते.

चौथ्या फेरीत पडद्यावर एका पक्ष्याचं चित्र आलं. ओळखायची पाळी बंजारा तांड्यावरून येणाऱ्या एका लहानग्या मुलाची होती. त्याने क्षणात एक शब्द सांगितला. गोरमाटी शब्द, मी जन्मात न ऐकलेला. शेजारच्या परीक्षकांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मुलगा आमच्याकडे पाहत होता. मग त्याने मागे पाहिलं.

माझ्या तोंडावर वाक्य आलंच होतं, "मराठीत सांग बेटा." घंटीवाला हात पुढे नेत होता, त्याचं मनगट मी धरलं. मागच्या रांगेत एक तरुण मास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते आणि पुन्हा बसत होते.

"सर, बसू नका," मी माईकवर म्हटलं. "काय म्हणतो तो, सांगा आम्हाला."